नव्या सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर लिनक्स कसं चढवायचं (आणि स्क्रीन काळाच राहिला तर)

नवीन बोर्ड (एकाच पाटीवरचा अख्खा छोटा कॉम्प्युटर) हातात आला की सगळे एकच करतात, इमेज (ओएसची तयार फाइल) डाउनलोड, कार्डवर राइट, कार्ड बोर्डात, एचडीएमआय मॉनिटरला, पॉवर ऑन. लाल एलईडी लागतो आणि स्क्रीन काळा. पी हळद अन् हो गोरी असं थोडंच असतं, पण दोन मिनिटांत काही दिसलं नाही की आपण कार्ड काढतो, दुसरी इमेज टाकतो, मग तिसरी, मग दुसरं कार्ड, मग दुसरी केबल. मी पण हेच केलंय. एक अख्खा रविवार घालवला आणि संध्याकाळी सहज राउटरचं पान उघडून बघितलं तर बोर्ड बिचारा आयपी अॅड्रेस घेऊन निवांत बसलेला. पहिल्याच इमेजवर नीट बूट झाला होता, त्या कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) फक्त एचडीएमआयचा ड्रायव्हर नव्हता!

तेव्हापासून माझा एकच नियम, मॉनिटर नंतर, सिरियल कन्सोल (दोन-तीन वायरींवरून बोर्डचे मेसेज पीसीवर अक्षरांत बघायची सोय) आधी. खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, तुमच्याकडे रास्पबेरी पाय असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही. त्यांचा इमेजर घ्या, ओएस निवडा, युजर आणि वायफाय तिथेच भरा, झालं काम. (२०२२ च्या एप्रिलपासून जुना 'पाय' नावाचा डिफॉल्ट युजर बंद झालाय, त्यामुळे युजर भरायला विसरू नका, जुन्या गाइडमधला पासवर्ड टाकत बसाल.) हे लिखाण मुख्यतः बाकीच्यांसाठी, म्हणजे रॉकचिप, ऑलविनर, अॅमलॉजिक या कंपन्यांच्या एआरएम (फोनमध्ये असतात त्या जातीच्या) चिपवाले आणि आता रिस्क-व्ही या खुल्या प्रोसेसर डिझाइनवाले बोर्ड.

आधी बघा, सपोर्ट नक्की कुणाचा आहे

बोर्डच्या पानावर 'लिनक्स सपोर्टेड' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. प्रश्न असा विचारायचा की कुठलं लिनक्स. एक असतं चिपवाल्याचं स्वतःचं कर्नल, जुन्या व्हर्जनवर हजारो पॅच चढवलेलं, त्यात सगळं हार्डवेअर चालतं पण ते पुढे किती दिवस सांभाळतील ते देव जाणे. दुसरं मेनलाइन, म्हणजे मूळ लिनक्स कर्नल, जे तुम्हाला डेबियन, फेडोरा सगळीकडे मिळतं, त्यात सपोर्ट हळूहळू येतो पण एकदा आला की सहसा जात नाही. किती हळूहळू? रॉकचिपच्या आरके३५८८ चे बोर्ड २०२२ पासून लोकांच्या हातात आहेत, त्याचा जीपीयूचा पँथॉर ड्रायव्हर मेनलाइनमध्ये आला ६.१० ला, म्हणजे २०२४ च्या जुलैत, आणि एचडीएमआय आउटपुट आलं ६.१३ ला, २०२५ च्या जानेवारीत. म्हणजे मधली दोन-अडीच वर्षं मेनलाइन टाकून मॉनिटरकडे बघत बसलेला माणूस उगाचच बोर्डला शिव्या घालत होता.

तपासायची सोपी पद्धत अशी की कर्नलच्या सोर्समध्ये जा, आर्च, मग आर्म६४, मग बूट, मग डीटीएस, त्यात चिपवाल्याच्या नावाचा फोल्डर असतो. तिथे तुमच्या बोर्डच्या नावाची फाइल आहे का बघा. ही डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डवर काय काय कुठे जोडलंय त्याची यादी. पीसीवर हे काम फर्मवेअर करतं, एआरएम बोर्डवर कर्नलला हे कुणीतरी हातात द्यावं लागतं. फाइल असेल तर उघडून वाचा पण, नुसतं नाव बघून खूश होऊ नका, कधीकधी त्यात फक्त सिरियल, एसडी कार्ड आणि इथरनेट एवढंच असतं. तसंच यू-बूटच्या (कर्नल उचलून चालू करणारा बूटलोडर) सोर्समध्ये कॉन्फिग्स फोल्डरमध्ये बोर्डचं डिफकॉन्फिग (त्याच्या सेटिंगची फाइल) आहे का बघा. दोन्हीकडे नाव असेल तर अर्धी लढाई जिंकलात. दोन्हीकडे नसेल तर सरळ आर्मबियनची (अशाच बोर्डांसाठी बनवलेलं लिनक्स) इमेज किंवा बोर्डवाल्याची इमेज घ्या, पहिल्या दिवशी शूरपणा नको.

आणि ओपन सोर्स म्हणजे शंभर टक्के ओपन असं धरून चालू नका. रॉकचिपच्या बऱ्याच चिपवर रॅम चालू करणारा अगदी पहिला तुकडा हा बंद बायनरी असतो, त्याला इलाज नाही.

सामान

पॉवर सप्लाय. यावर लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि सगळ्यात जास्त रडतात. ५ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलेला फोनचा चार्जर आणि बारीक लांब केबल लावली की लोड आल्यावर केबलमध्येच व्होल्टेज पडतं, बोर्डपाशी ४.६ च राहतं आणि मग काय, कधी कार्ड करप्ट, कधी यूएसबी गायब, कधी मधेच रीबूट, आणि तुम्ही शोधताय कर्नलमधला बग. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. केबल जाड आणि आखूड घ्या. यूएसबी-सी पीडीवाल्या (चार्जरशी बोलून व्होल्टेज ठरवणाऱ्या) काही बोर्डांची अजून एक गंमत आहे, चार्जरशी वाटाघाटी कर्नल चालू झाल्यावर होते आणि तेवढ्यात उशीर झाला म्हणून चार्जर पॉवर तोडून परत देतो, बोर्ड परत पहिल्यापासून, असं गोल गोल. बोर्ड दर काही सेकंदांनी त्याच जागी रीस्टार्ट होत असेल तर साधा, बिनपीडीचा ५ व्होल्ट सप्लाय लावून बघा.

कार्ड. नकली कार्डं खूप फिरतात, वर ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि आत ८ असतात, सुरुवातीला सगळं नीट चालतं आणि भरत आलं की डेटा गायब. एफ३ नावाचं छोटं ओपन सोर्स टूल आहे, एफ३राइटने कार्ड पूर्ण भरायचं आणि एफ३रीडने परत वाचून बघायचं. वेळ लागतो, पण करा. स्पीडसाठी ए१ चा शिक्का पुरे, त्यात रँडम रीड किमान १५०० आणि राइट ५०० आयओपीएस (सेकंदाला तितक्या वेळा) मिळायला हवेत असा नियम आहे. ए२ कागदावर ४००० आणि २००० देतो पण त्याचा पूर्ण फायदा मिळायला समोरच्या होस्टचा (कार्ड वापरणाऱ्या बोर्डचा) पण सपोर्ट लागतो, त्यामुळे त्यासाठी जास्तीचे पैसे घालवू नका.

आणि यूएसबी ते सिरियल अॅडॉप्टर. हाच तो. घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक, लॉजिक (सिग्नलची पातळी) ३.३ व्होल्टचं पाहिजे. ५ व्होल्टवर जंपर असेल आणि तसंच जोडलं तर पिन किंवा अख्खी चिप जाऊ शकते. (रिस्क-व्ही असो की एआरएम, बहुतेक ठिकाणी ३.३ च, क्वचित एखाद्या बोर्डवर १.८ असतं, सर्किटचा कागद बघूनच जोडा.) दोन, बॉड रेट, म्हणजे सिरियलवर बोलायचा वेग. जगातले बहुतेक बोर्ड ११५२०० वर बोलतात पण रॉकचिपवाले १५००००० वर, हो, पंधरा लाख, आणि जुना सीपी२१०२ तिथपर्यंत जातच नाही, तो १० लाखांतच दमतो. एफटी२३२ चा आरामात जातो, सीएच३४० चा पण बहुतेक वेळा जातो. मी माझा पहिला अॅडॉप्टर खराब आहे म्हणून फेकून दिला होता, तो चांगला होता, त्याला फक्त झेपत नव्हतं.

वायर जोडणं

तीनच वायरी. जीएनडीला (ग्राउंड) जीएनडी, अॅडॉप्टरचा टीएक्स (पाठवणारा) बोर्डच्या आरएक्सला (ऐकणारा) आणि आरएक्स टीएक्सला, म्हणजे उलटसुलट, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. चौथी लाल वायर, व्हीसीसी, ती जोडायचीच नाही, बोर्डला त्याची स्वतःची पॉवर आहे. ४० पिनवाल्या रास्पबेरीसारख्या हेडरवर हे बहुतेक ६, ८ आणि १० नंबरवर असतं, पण सगळ्या बोर्डांवर तसंच असेल असं नाही, काहींना वेगळं तीन पिनचं कनेक्टर दिलेलं असतं.

एक विचित्र प्रकार होतो तो माहिती असू दे. बोर्डची पॉवर काढली तरी एलईडी मंद मंद पेटलेला राहतो, आणि परत पॉवर दिली की बोर्ड उठतच नाही. अॅडॉप्टरच्या टीएक्समधून थोडा करंट बोर्डात शिरत असतो, त्यामुळे बोर्ड धड बंदही होत नाही आणि धड चालूही होत नाही. सिरियलची वायर काढा, पॉवर द्या, मग वायर लावा.

पीसीवर पिकोकॉम, मिनिकॉम, स्क्रीन, विंडोजवर पुटी, काहीही चालेल. सेटिंग ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. मिनिकॉम वापरत असाल तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा, नाहीतर मेसेज दिसतील पण तुमचं टायपिंग जाणारच नाही आणि तुम्हाला वाटेल टीएक्सची वायर तुटली. लिनक्सवर परवानगी नाही म्हणाला तर तुमचा युजर डायलआउट ग्रुपमध्ये टाका, लॉगआउट करून परत या.

इमेज राइट करणं

हे सगळ्यांना येतं म्हणून पटकन. डाउनलोड झाल्यावर एसएचए२५६ चेकसम जुळवा, अर्धवट डाउनलोड झालेली फाइल हे काळ्या स्क्रीनचं एक फारच लाजिरवाणं कारण आहे. मग एचर हे टूल वापरा किंवा डीडी ही कमांड. डीडी वापरणार असाल तर कार्ड लावायच्या आधी एकदा आणि लावल्यावर एकदा एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवा, जे नवीन नाव दिसलं तेच तुमचं कार्ड, अंदाजाने एसडीबी टाइप करू नका, डीडी विचारत नाही, थेट पुसतो. ब्लॉक साइज ४ एमबी, आणि कॉन्व्हमध्ये एफसिंक टाका म्हणजे सगळं खरंच कार्डवर गेल्याशिवाय कमांड संपणार नाही.

फाइल्स कार्डवर कॉपी-पेस्ट करून चालणार नाही, हे मात्र नीट समजून घ्या, कारण बूटलोडर फाइलमध्ये नसतो. तो कार्डच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत ठरलेल्या सेक्टरवर बसलेला असतो. रॉकचिपवर पहिला तुकडा सेक्टर ६४ ला, म्हणजे ३२ केबीवर, आणि यू-बूट सेक्टर १६३८४ ला, म्हणजे ८ एमबीवर. ऑलविनरवर पहिला तुकडा ८ केबीवर. म्हणूनच एका चिपची इमेज दुसऱ्या चिपवर कितीही वेळा राइट केली तरी शून्य.

पॉवर ऑन, आता नुसतं बघा

बूट होणं म्हणजे सरळ खो-खो आहे. चिपच्या आत कोरलेला रॉम पहिला उठतो, तो कार्डवरच्या ठरलेल्या जागेवरून एक छोटा प्रोग्रॅम उचलतो आणि त्याला खो देतो. तो छोटा प्रोग्रॅम (एसपीएल) रॅम चालू करतो आणि पुढे खो. मग एआरएमवर ट्रस्टेड फर्मवेअर, रिस्क-व्हीवर ओपनएसबीआय. मग यू-बूट. यू-बूट कर्नल, डिव्हाइस ट्री आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइलसिस्टिम) रॅममध्ये ठेवतो आणि कर्नलला खो देतो, कर्नल रूट फाइलसिस्टिम माउंट करतो आणि इनिटला (पहिला प्रोग्रॅम) खो. मॉनिटरवर बघणाऱ्याला या सगळ्यातलं फक्त शेवटचं दिसतं. सिरियलवर बघणाऱ्याला खो कुठे चुकला ते नेमकं कळतं, आणि ते कळलं की उपाय सहसा एका ओळीचा असतो.

सिरियलवर काहीच नाही, एक अक्षर नाही. आधी टीएक्स-आरएक्स बदलून बघा, दहातल्या सहा वेळा तेच असतं. तरी नाही, तर रॉमला कार्डवर काही सापडलंच नाही. अशा वेळी बऱ्याच चिप गप्प बसत नाहीत, यूएसबीवर वाट बघत राहतात, रॉकचिपवर याला मास्करॉम म्हणतात आणि ऑलविनरवर एफईएल. ओटीजी पोर्ट (ज्यातून बोर्ड स्वतः पीसीला जोडता येतो तो यूएसबी) पीसीला लावा आणि पीसीवर एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी) चालवा, २२०७ ने सुरू होणारा आयडी दिसला तर रॉकचिप जिवंत आहे, १एफ३ए दिसला तर ऑलविनर. बोर्ड मेला नाहीये एवढं कळलं तरी जिवात जीव येतो, आणि इथूनच आरकेडेव्हलपटूल किंवा सनएक्सआय-एफईएल वापरून बूटलोडर थेट पाठवता पण येतो.

कचरा अक्षरं. बॉड रेट चुकलाय. दुसरं काही शोधू नका. सुरुवातीचे मेसेज नीट आणि मधूनच कचरा सुरू झाला तर बूटलोडरचा रेट वेगळा आणि कर्नलला सांगितलेला वेगळा आहे.

एसपीएलवर किंवा रॅमच्या मेसेजवर अडकलं. एकतर पॉवर, नाहीतर इमेज दुसऱ्याच रॅमवाल्या मॉडेलची. एकाच नावाच्या बोर्डात दोन-तीन प्रकारची रॅम निघते, तिकडे लक्ष ठेवा.

यू-बूट आला पण तो भलताच. हा माझा सगळ्यात नावडता. तुम्ही कार्डवर कालची नवीन इमेज टाकलीये आणि सिरियलवर यू-बूटची बिल्ड तारीख दिसतेय दोन वर्षांपूर्वीची. कारण बोर्डवर ईएमएमसी (बोर्डवरचं स्टोरेज) किंवा एसपीआय फ्लॅश (बूटलोडरसाठीची छोटी मेमरी चिप) आहे, त्यात कंपनीतून आलेला जुना बूटलोडर बसलाय, आणि रॉकचिपचा रॉम आधी एसपीआय बघतो, मग ईएमएमसी, आणि एसडी कार्ड सगळ्यात शेवटी. म्हणजे तुमच्या कार्डवरच्या बूटलोडरला कुणी विचारतच नाही. ऑलविनरवर उलट, तिथे कार्ड आधी. उपाय म्हणजे बोर्डवरचं मास्करॉम बटण दाबून पॉवर द्यायची आणि जुना बूटलोडर पुसायचा, किंवा कार्डवरून कसंतरी बूट करून तिथून पुसायचा. यू-बूटच्या बॅनरमधली तारीख वाचायची सवय लावून घ्या, दोन सेकंदांचं काम आहे.

'स्टार्टिंग कर्नल' आणि मग सामसूम. सगळ्यात जास्त लोक इथे हात टेकतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा कर्नल व्यवस्थित चालू असतो, फक्त तो बोलतोय दुसऱ्याच पोर्टवर. कर्नलच्या कमांड लाइनमध्ये कन्सोल बरोबर आहे का बघा, रॉकचिपवर बहुधा टीटीवायएस२ आणि १५०००००, ऑलविनरवर टीटीवायएस० आणि ११५२००, पीएल०११ (सिरियल पोर्टचा एक प्रकार) वाल्या चिपवर टीटीवायएएमए०. हे सेटिंग बहुतेक बूट पार्टिशनमधल्या एक्स्टलिनक्सच्या कॉन्फ फाइलमध्ये अपेंडच्या ओळीत असतं, आर्मबियनमध्ये आर्मबियनईएनव्ही नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये. तिथेच नुसतं 'अर्लीकॉन' हा शब्द जोडून बघा, डिव्हाइस ट्रीमध्ये कन्सोलचं पोर्ट नीट लिहिलेलं असेल तर कर्नल ड्रायव्हर लोड व्हायच्या आधीपासून बोलायला लागतो आणि नेमका कुठे पडला ते सांगून पडतो. अर्लीकॉन टाकूनही चिडीचूप असेल तर डिव्हाइस ट्री चुकीची आहे किंवा यू-बूटने कर्नल आणि इनिटरॅमएफएस रॅममध्ये एकमेकांच्या अंगावर ठेवलेत, त्यांचे अॅड्रेस आणि साइज कागदावर मांडून बघा.

'अनएबल टू माउंट रूट एफएस' किंवा 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस'. कर्नल उठला, घर सापडेना. रूट म्हणून एमएमसीबीएलके० लिहिलेलं असतं आणि नव्या कर्नलमध्ये ईएमएमसी ० होते आणि कार्ड १. नंबर लिहूच नका, यूयूआयडी (फाइलसिस्टिमची न बदलणारी ओळख) लिहा. फक्त एवढं लक्षात ठेवा की साधा यूयूआयडी समजायला इनिटरॅमएफएस लागतो, तो नसेल तर पार्टयूयूआयडी (पार्टिशनची ओळख) लिहायचा, तो कर्नलला स्वतःला कळतो.

आणि 'लॉगिन' दिसलं की झालं. आर्मबियनवर रूट आणि १२३४, लगेच बदलायला लावतो तो.

लॉगिन झाल्यावर

पहिलं काम तारीख बघणं. बऱ्याच बोर्डांवर घड्याळाची बॅटरी नसते, बोर्ड उठतो तो कुठल्यातरी जुन्या तारखेत, आणि मग पॅकेज अपडेट करताना 'रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही' किंवा सर्टिफिकेटच्या भलत्याच एरर येतात आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो. नेट जोडलं की टाइम सिंक झाला का ते टाइमडेटसीटीएलने बघा, मगच पुढे.

मग पार्टिशन पूर्ण कार्डभर पसरलंय का बघा, बऱ्याच इमेज पहिल्या बूटला आपोआप पसरतात, नाही पसरलं तर ग्रोपार्ट आणि रीसाइझ२एफएस. झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) चालू करा, फाइलसिस्टिमला नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ लिहीत बसायचं नाही) लावा, कार्डचं आयुष्य वाढतं.

कर्नल अपडेट करताना मात्र जरा दमाने. चिपवाल्याच्या कर्नलवर असाल तर कर्नलचं पॅकेज होल्डवर ठेवा आणि बाकी सगळं अपडेट करा, आणि कर्नल बदलायचाच असेल तर सिरियल जोडलेली असताना, समोर बसून. कपाटाच्या मागे ठेवलेल्या बोर्डचा कर्नल एसएसएचवरून बदलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, एक दिवस शेळी हरवणारच.

यू-बूट मेनलाइनचा असेल तर अजून एक मस्त गोष्ट जमते. यू-बूटमध्ये यूईएफआयचा (पीसीची बूट करायची पद्धत) बऱ्यापैकी सपोर्ट आहे, त्यामुळे तो एकदा एसपीआय फ्लॅशमध्ये टाकला की डेबियनचा किंवा फेडोराचा साधा एआरएम६४ इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून पीसीसारखा बूट होतो, बोर्डची खास इमेज शोधायची गरजच राहत नाही. ओपनबीएसडी, नेटबीएसडी, फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या ओएस टाकायची हौस असेल तर रस्ता हाच, आणि तिथे तर सिरियलशिवाय पान हलत नाही. एसपीआयमध्ये लिहिताना पॉवर जाऊ देऊ नका बस, गेलीच तर वरचं मास्करॉम आहेच.

आणि पहिला नीट झालेला बूट अख्खाच्या अख्खा, पहिल्या अक्षरापासून लॉगिनपर्यंत, फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, पिकोकॉमला लॉगफाइलचा ऑप्शन आहे. त्याच दिवशी त्या कार्डची पण डीडीने एक इमेज काढून ठेवा. सहा महिन्यांनी अपडेटनंतर बोर्ड उठला नाही की नवा लॉग आणि हा जुना लॉग डिफला (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) द्यायचे, जिथून ओळी वेगळ्या व्हायला लागतात तिथे बघायचं.